आत्याच्या खोलीची ओली भिंत

मी भिंत बोलतेय. तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीची, पलंगाशेजारची. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण माझ्या अंगाला वास येत असे, आणि तो कुठून येत असे हे सांगायलाच मी तोंड उघडलं आहे. आजवर माझ्यावर रंग फासले गेले, पडदे टांगले गेले, कपाटं लोटली गेली. बोलू मात्र कुणी दिलं नाही. आता खोलीत कुणीच नाही, तेव्हा मला गप्प बस म्हणणारंही कुणी नाही.

माझा जन्म घाईत झाला. शहर वाढत होतं, माणसं येत होती, आणि मालकाला थंडीच्या आत खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. मला बांधणारे गवंडी दूरदूरच्या देशांतून आलेले. एकमेकांची भाषा त्यांना येत नव्हती. वीट हवी असली की बोटाने दाखवायचे. शिवी द्यायची असली की आपापल्या भाषेत द्यायचे, आणि ती मात्र सगळ्यांना बरोबर कळायची. छतावरच्या टाकीचं पाणी खाली आणणारा पाइप खरं तर बाहेरून यायला हवा होता. पण त्याने इमारत कुरूप दिसते म्हणून मालकाने तो माझ्या पोटात घालायला लावला.

"आत फुटला तर काढायचा कसा?" एका गवंड्याने विचारलं.

"फुटेल तेव्हा तू असणारेस का इथं?" मुकादम म्हणाला.

तो नव्हताच. मी होते.

रस्त्याकडच्या भिंतींचं नशीब वेगळं. त्यांना कोरीव चौकटी आहेत, दिवे आहेत. लोक थांबून त्यांचे फोटो काढतात आणि म्हणतात, काय सुंदर शहर आहे! मागे वळून आमच्याकडे यायची वाट त्यांना कुणी दाखवत नाही.

माझ्या खोलीत इथलं माणूस कधी राहिलंच नाही. बाहेरून आलेले यायचे, माझ्यावर खिळा ठोकून आईबापांचा फोटो लावायचे, आणि एक दिवस खिळा उपटून निघून जायचे. जाताना शहराला दोन शिव्या ठरलेल्या. मग आत्या आली.

आत्या हे काही तिचं नाव नव्हे, पण पुढे जी मुलगी तिच्याकडे राहायला आली तिच्या तोंडून मी हेच ऐकलं, म्हणून मीही तेच म्हणते. आली तेव्हा आत्या तरुण होती आणि बरोबर नवरा होता. त्याने नळाचं पाणी चाखून थुंकलं. जिन्यात कुणीतरी त्याला खांदा मारून पुढे गेलं. पहिल्याच थंडीत त्याने बॅग भरली.

"इथं काय माणसं राहतात?"

"मी राहतेय ना."

"चल म्हणतोय मी."

"तुम्ही व्हा पुढं," ती केस विंचरता विंचरता म्हणाली.

तो पुढे झाला तो झालाच. आत्याने त्याची उशी काढून कपाटावर टाकली आणि पलंगाच्या मधोमध झोपू लागली.

ती एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर वाफेत उभं राहून चादरी उकळायच्या, पिळायच्या, घड्या घालायच्या. संध्याकाळी घरी आली की पाय बादलीत सोडायची आणि माझ्याशी बोलायची. हो, माझ्याशीच. "आज बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत गेले गं. उगाच. तिथं काही नाहीये, एक मैदान आहे आणि दोन म्हातारे कुत्री फिरवतात. पण मला कुणी विचारलं नाही की बाई, इथं कशाला आलीस, कुणाची कोण, नवरा कुठाय." हे सांगताना तिचा चेहरा एखाद्या प्रेमात पडलेल्या मुलीसारखा व्हायचा. इथली भाषा ती जपून बोलायची, एकेक शब्द धुऊन इस्त्री करून ठेवावा तशी. आपली भाषा मात्र घरात अघळपघळ.

शहराने तिचे लाड केले असं कुणी समजू नये. बसमध्ये तिच्या शेजारची जागा सर्वांत शेवटी भरायची. कोपऱ्यावरचा दुकानदार सुटे पैसे तिच्या हातावर न ठेवता फळीवर टाकायचा. इथे राहायचा परवाना वाढवून घ्यायला ती दरवर्षी परदेशी नागरिकांच्या कचेरीत जायची तेव्हा खिडकीमागचा माणूस, ती बहिरी असल्यासारखा, मोठ्याने आणि सावकाश बोलायचा. हे सगळं ती मला सांगायची, आणि शेवटी हसून म्हणायची, "चालायचंच. सासर म्हटलं की बोलणी आली."

भावाचा फोन यायचा. "काय म्हणतंय तुझं शहर?"

"मजेत आहे," आत्या म्हणायची. घरातल्या पोराची खुशाली सांगावी तशी. वाईट शब्द एक नाही.

मग माझ्या पोटातला पाइप फुटला.

आधी तळहाताएवढा डाग पडला. मग त्याला हातपाय फुटले. रंगाचे पोपडे सुटले, त्याखाली काळी बुरशी धरली, आणि पलंगाच्या उशाशी एक कुबट वास कायमचा राहायला आला. आत्याने मालकाच्या मॅनेजरला बोलावलं. त्याने दारातूनच माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही लोक शिजवता फार," तो म्हणाला. "वाफ होते. कपडे खोलीत वाळत घालता. खिडकी उघडत नाही. मग भिंत काय करणार?"

मी काय करणार ते मी करतच होते. पाणी गाळत होते. पण ज्या बाईचा जन्म वाफेत गेला तिला ते पटलं! ती पातेल्यावर झाकण ठेवून शिजवू लागली, मग एक वेळचं शिजवणंच बंद केलं. कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडी टाकून शाल पांघरून बसू लागली. मॅनेजरने मेहेरबानी म्हणून रंगाचा एक हात मारून दिला. रंग वाळायच्या आत मी आतून तो फुगवला. आत्या मला घासायची आणि म्हणायची, "माझंच चुकतं बाई कुठंतरी."

खोकला त्याच सुमारास सुरू झाला. सुरुवातीला सकाळचा. पुढे जिना चढताना. पुढे बोलताना.

त्या वर्षी तिच्या भावाची मुलगी इथे नोकरीला आली आणि आत्याकडे उतरली. दारात बॅग ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आत्या, ही भिंत आहे का दलदल?"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत की! त्यांच्याकडे पण असेल."

होतीच. सगळ्या मागच्या खोल्यांत होती. पण हे आजवर मोठ्याने कुणी म्हटलं नव्हतं. मला ती मुलगी पाहताक्षणी आवडली.

तिलाही शहर आवडलं, महिन्याच्या आतच. पण तिचं आवडणं भांडखोर होतं. दुकानदाराने सुटे पैसे फळीवर टाकले तर ती हात पुढे करून उभी राहायची. मागे रांग वाढली तरी हात मागे नाही. शेवटी तो पैसे उचलून तिच्या हातावर ठेवायचा. बस चुकली की ती बस कंपनीला फोन करून झापायची. "एवढं देखणं शहर," ती म्हणायची, "आणि एवढं आळशी! कुणी कान धरत नाही म्हणून."

"आपण नसतो धरायचा," आत्या म्हणायची. "आपण परके."

"तू म्हातारी झालीस इथं. अजून परकी?"

आत्याला खोकला आला. उत्तर द्यायचं नसलं की तो तिच्या मदतीला यायचा.

भाचीने पालिकेकडे तक्रार केली. आत्याला न विचारता केली, आणि केल्यावर सांगितली. खोलीत नुसता गहजब झाला. तळमजल्यावरचे काका वर आले. ते आत्याच्याच देशाचे, आत्याच्याही आधी इथे आलेले. इमारतीतल्या आपल्या माणसांचे स्वयंघोषित वडील.

"पोरी, तुला कळतंय का काय केलंस ते?" काका म्हणाले. "पालिकेनं खोली राहायला नालायक ठरवली की रिकामी करावी लागते. खोली गेली की पत्ता गेला. पत्ता नसला की परवाना वाढत नाही. मग हिनं या वयात जायचं कुठं?"

"म्हणून इथंच बुरशी खाऊन मरायचं?"

"आजवर मेलंय का कुणी?"

"काका, तिचा खोकला ऐका जरा."

"थंडीचा आहे तो," आत्या म्हणाली.

वडीलधाऱ्यांची ही खोड मी फार जवळून पाहिली आहे. मुलगी म्हणते जखम आहे, ते म्हणतात हळू बोल. भीती खोटी नसते त्यांची. काकांचीही नव्हती. पण ती भीती ते शहाणपण म्हणून वाढतात आणि वर म्हणतात, गप गुमान जेव.

पालिकेचं उत्तर आलं. तपासणी अधिकारी येणार होता. नेमकी त्याच सकाळी भाचीला कामावरून सुटी मिळेना. निघताना तिने आत्याचे दोन्ही खांदे धरले. "हे बघ, तू काही करायचं नाहीस. पुसायचं नाही, घासायचं नाही. फक्त दाखवायचं. बाकी तो बघेल. कळलं?"

"कळलं गं बाई."

दार लागलं. आत्या पलंगावर बसून राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग खोलीकडे पाहिलं. मग ती उठली, आणि मला कळलं की घात झाला.

मला तिच्या मनातलं दिसत होतं. आयुष्यभर ती या शहराच्या दारात जात आली होती, खिडक्यांसमोर, रांगांत, काउंटरांवर. शहर कधी तिच्या दारात आलं नव्हतं. आज पहिल्यांदा त्याचा माणूस जिना चढून तिच्या खोलीत पाऊल ठेवणार होता. आणि तिने त्याला काय दाखवायचं? काळी पडलेली भिंत?

धुलाईघरातला जहाल साबण तिने बादलीत ओतला. स्टुलावर चढून मला वरपासून खालपर्यंत घासलं. त्या उग्र वासाने तिचा जीव घाबराघुबरा झाला, दोनदा ती खाली उतरून खिडकीपाशी वाकली. मग काकांना हाक मारली. दोघांनी मिळून कपाट ओढत माझ्या पुढ्यात आणलं. जे कपाटामागे मावलं नाही त्यावर फुलांचा पडदा टांगला. आत्याने इस्त्रीची साडी नेसली आणि टेबलावर दोन कप मांडले.

अधिकारी आला. दमलेला, ओल्या बुटांचा, हातात ओल मोजायचं छोटं यंत्र.

"ओल कुठे आहे?"

"होती थोडीशी," आत्या तिच्या इस्त्रीच्या भाषेत म्हणाली. "आता नाही. बसा ना. चहा घ्याल?"

"कपाटामागे?"

"मागे भिंतच आहे."

मी काय करू शकत होते? भिंतीला ओरडता येत नाही. मी माझ्या पोटातलं सगळं बळ लावून एक ओघळ सोडला. तो कपाटामागून हळूहळू उतरला, फरशीवर आला, त्याच्या बुटापाशी पोहोचला. त्याने खाली पाहिलं, आपलेच बूट ओले आहेत असं समजून पाय मागे घेतला आणि म्हणाला, "माफ करा हं, फरशी खराब केली मी." आत्याने लगबगीने ती पुसली.

यंत्र त्याने खिडकीशेजारच्या माझ्या कोरड्या बहिणीला लावलं. काटा हलला नाही. जाताना तो म्हणाला, "फार नीटनेटकी आहे तुमची खोली. अशा कमीच पाहायला मिळतात."

आत्या दार लावून कितीतरी वेळ तिथेच उभी होती. इतकी खूश मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

भाची आली तेव्हा ती खुशी अजून तिच्या चेहऱ्यावर होती. "कौतुक केलं गं त्यानं! म्हणाला अशी खोली…"

भाचीने कपाट पाहिलं, पडदा पाहिला. एका हिसक्यात पडदा खाली ओढला.

"तू पाहुणा समजलीस त्याला? आत्या, डॉक्टर होता तो! डॉक्टर यायचाय म्हणून कुणी ताप लपवतं?"

"आरडाओरडा करू नकोस."

"करणार! तुम्ही सगळे असेच. घरात मेलेला उंदीर कुजला तरी वर रांगोळी काढाल."

"माझ्या शहराचा माणूस पहिल्यांदा माझ्या घरी आला," आत्या म्हणाली. "त्याच्यापुढं त्याच्याच घराची लाज काढू?"

भाची खाली बसली आणि फुलांचा पडदा मांडीवर घेऊन रडली. त्या पडद्याला आतून माझी बुरशी लागली होती.

तक्रार निकालात निघाली. ओल आढळली नाही.

थंडीत मी छतापर्यंत काळी झाले. आत्या रात्री माझ्या अंगावरची हवा आत ओढत होती आणि मला ते थांबवता येत नव्हतं. मी तिच्या इतकी जवळ होते, तिचं सगळं आयुष्य मी ऐकलं होतं, आणि मीच तिच्या छातीत भरत होते. एका सकाळी तिला पलंगावरून उठवेना. भाचीने गाडी बोलावली.

बऱ्याच दिवसांनी ती परत आली, नाकात नळी आणि शेजारी चाकांवरचा ऑक्सिजन घेऊन. त्याच हॉस्पिटलात होती, जिथल्या चादरी तिने धुतल्या. "हल्ली घड्या नीट घालत नाहीत," एवढीच तक्रार तिने सांगितली. डॉक्टरांनी या खोलीत पाऊल ठेवू नका म्हणून बजावलं होतं. पण दुसरी खोली कुठली आणायची?

भावाचा फोन आला. भाचीने तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"पुरे झालं तिचं शहर," तो म्हणाला. "काय दिलं त्यानं तिला? घेऊन ये इकडे."

"बाबा, तिला विचारलंत?"

"तिला काय विचारायचंय? मोठा भाऊ आहे मी."

आत्याने नळी जरा बाजूला केली. "दादा, मी नाही येणार."

"का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. पहिल्यांदाच ती मला घासायला न उठता नुसतं बघत होती. फोन ठेवल्यावर भाचीला म्हणाली, "बोलव त्या पालिकेवाल्याला. या वेळी मी बोलते."

तोच अधिकारी आला. कपाट बाजूला होतं, पडदा नव्हता. तो दारातच थबकला.

"मागच्या वेळी तर तुम्हीच…"

"खोटं बोलले मी," आत्या म्हणाली. एकेका शब्दाला तिला दम लागत होता, आणि शब्दांना आज इस्त्री नव्हती. "लाज वाटली म्हणून. आता मी सांगते ते लिहून घ्या. माझ्या शहरात अशी भिंत असता कामा नये. तुमच्या नाही म्हणत मी. माझ्या."

त्याने यंत्र माझ्या अंगाला लावलं. ते किंचाळायला लागलं आणि थांबेना. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या वतीने ओरडत होतं.

माझं सुख तेवढंच. कारण पुढचं सगळं काका म्हणाले होते तसंच झालं. भिंतीतला पाइप फुटल्याचं अहवालात आलं आणि मागच्या सगळ्या खोल्या राहायला नालायक ठरल्या. पाणी तोडलं, दारांना सील ठोकलं. काका जाताना कुणाला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. भाचीला मैत्रिणीच्या खोलीत कोपरा मिळाला. आत्याला शहराबाहेरच्या निवाऱ्यात एक खाट मिळाली. आणि परदेशी नागरिकांच्या कचेरीने सांगितलं, निवाऱ्यातली खाट म्हणजे पत्ता नव्हे.

पुढचं मला मॅनेजरच्या तोंडून कळलं. तो रिकाम्या खोल्या दाखवायला कंत्राटदाराला घेऊन आला होता.

"ती म्हातारी रोज कचेरीत येऊन बसते म्हणे," तो हसत होता. "सिलिंडरसकट. भाची टोकन घेते आणि ही बसते. म्हणते, परवाना द्या नाहीतर इथंच पत्ता लिहा, ही खुर्ची. खिडकीमागच्या त्या माणसाला म्हणाली, हळू आवाजात बोल, मला ऐकू येतं!"

माझी आत्या! फळीवरचे पैसे मुकाट उचलणारी! मी हसले असते तर उरलेला रंग झडला असता.

पुढच्या वेळी आला तेव्हा मॅनेजर हसत नव्हता. "गेली," तो कंत्राटदाराला म्हणाला. "तिथंच, बसल्या बसल्या. नंबर यायच्या आधी."

काल भाची आली. आत्याचं सामान न्यायला पालिकेने तिच्यापुरतं सील उघडलं. तिने कपडे पिशवीत भरले, कपाटावरची जुनी उशी तिथेच राहू दिली. मधेच फोन वाजला.

"निदान आता तरी तिला घरी घेऊन ये," पलीकडून बाप रडत होता.

"बाबा, ती घरीच आहे," भाची म्हणाली. "आणि मीही येत नाहीये. पाइप आत घालणाऱ्याचं, डाग रंगवणाऱ्याचं, सगळ्यांचं नाव कोर्टात घेतल्याशिवाय मी हे शहर सोडत नाही."

तिने फोन खिशात टाकला आणि माझ्याजवळ आली. मला वाटलं मारील. तिने तळहात माझ्या अंगावर टेकवला, ज्या जागी आत्याचं डोकं असायचं तिथे.

पाणी तोडल्यापासून माझ्यात थेंब आलेला नाही. बुरशीची पूड झाली आहे. तिच्या हाताला ओल लागली नाही.

"आता वाळलीस होय गं?" ती म्हणाली.

ती गेली. जिन्यातून तिचे पाय किती तरी वेळ वाजत होते.

लवकरच मला पाडायला येतील. नवी इमारत उभी राहील, तिलाही रस्त्याकडे कोरीव चौकटी असतील. तुम्ही थांबून फोटो काढाल तेव्हा एवढंच करा: मागच्या बाजूला या. तिथल्या भिंतीला हात लावून बघा. आणि हाताला ओल लागली तर हळू बोलू नका.